मालक आल्याची खूण

आमच्या शेजारच्या खंडूतात्यांना वाकडी चप्पल दिसली की त्यांच्या पोटात कळ येते. उगाच म्हणत नाही, खरोखरची कळ. एका लग्नात पंगती बसल्या असताना हे हळूच मांडवाबाहेर गेले आणि सगळ्या वऱ्हाडाच्या चपला लहान-मोठ्या मापानं ओळीत लावून आले, तोंडं रस्त्याकडे करून. काम इतकं चोख की कुणालाच आपली चप्पल सापडेना. नवरदेव सासऱ्याच्या पायताणात घरी गेला. सासरा म्हणे अजून अनवाणीच हिंडतो. मयतीला गेले तर रडणाऱ्या मंडळींना उंचीप्रमाणे उभं करतात.

मी एकाचे दहा करून सांगतो, असा मुठा खोऱ्यात माझा लौकिक आहे. असू दे. पण तात्यांच्या बाबतीत मला दहाचं एक करून सांगावं लागतं, नाहीतर कुणी विश्वास ठेवत नाही.

अशा माणसाच्या पदरात देवानं हौसाकाकी टाकली. हिच्या घरात विळा पिठाच्या डब्यात सापडायचा आणि पीठ कुठं सापडेल ते सांगता यायचं नाही. चपला काढायची काकीची रीत म्हणजे चालता चालता पाय झटकायचे. एक उंबऱ्यात, एक तुळशीपाशी, आणि दोन्हींतली एक हमखास पालथी. पालथी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तात्यांच्या घरी हा शकुन एक दिवसही खोटा ठरला नाही.

आमची भिंतीला भिंत. त्यामुळं मला कोंबड्याची गरज कधी पडली नाही. "कवापास्नं सांगतुया, चपला नीट काढत जा!" असा तात्यांचा आवाज आला की उजाडलं. काकी तोंडानं उत्तर देत बसायची नाही. तिची ती निळी प्लॅस्टिकची चप्पल, अंगठ्याला सेफ्टी पिन मारलेली, तात्यांवरचा नेम चुकून परसातल्या कुडावरून माझ्याकडं यायची. मला ती दोनदा लागलेली आहे. एकदा तर आमटीत पडली, आणि आमटी सुधारली असं आमच्या घरात म्हणतात.

गेल्या थंडीत काकी गेली. ताप आला, आणि गेलीच. भिंतीपलीकडं एकदम सामसूम झाली. आता मला सकाळी जाग येत नाही.

तात्यांनी टेकाडाखालचं भाताचं खाचर मागंच विकलं होतं. घेणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी तिथं बंगला बांधला आणि राखणीला तात्यांनाच ठेवलं. साहेब वर्षातून एकदा फिरकले तर फिरकले. तात्या रोज जाऊन कुलूप काढतात, झाडतात, पुसतात, पुन्हा कुलूप लावतात. तिथली उशी अशी सरळ की डोकं ठेवायची माणसाला भीती वाटावी. आणि ह्या बंगल्यानंच तात्यांच्या डोक्यात ते भलतं तत्त्वज्ञान भरलं.

ते बाहेर पडलं सप्ताहात. कीर्तनकार बुवा रंगात आले होते. "सूर्य वेळेवर उगवतो! चंद्र कलेकलेनं वाढतो! एक तारा दुसऱ्यावर आपटत नाही! एवढी शिस्त आहे, म्हणजे लावणारा कुणीतरी आहे की नाही?"

मंडळी माना डोलवत होती. तात्या मधूनच उठले.

"बुवा, ही तर रिकाम्या घराची लक्षनं सांगितलीत."

टाळ थांबले.

"मी बंगला राखतुया. मालक न्हाई तवर समदं जागच्या जागी. मालक आला की टावेल दारावर, कप खिडकीत, चपला तीन दिशेला. मानूस हाय तितं पसारा हाय. तुमचा सूर्य येक दिस तरी उशिरा आला का? न्हाई. मंग मालक आल्याची खूण कुटं हाय?"

बुवा मुरलेले. म्हणाले, "तात्या, मालक नसेल, पण झाडून ठेवणारा तर आहे ना?"

"झाडनारा मीच की! मला कोन देव म्हनतंय?"

सगळे हसले. बुवाही हसले. तात्या मात्र हसले नाहीत. खाली बसताना त्यांनी पुढच्या माणसाची तिरकी टोपी सरळ केली आणि कीर्तन संपेपर्यंत दाराकडं बघत राहिले.

तेव्हापासून तात्या बिघाड शोधत हिंडायला लागले. आंबा अवेळी मोहरला की हे झाडाखाली जाऊन बसणार. कुणाची गाय वाट चुकली की विचारणार, "आपल्या मनानं चुकली, का कुनी वळावली?" पोरं टिंगल करायची, "तात्या, आज सूर्य जरा डावीकडनं आला!" तर तात्या खरोखर डोळ्यांवर हात धरून बघायचे.

आणि मग श्रावणात एका दुपारी ते माझ्या दारात आले. चेहरा पांढरा, डोळे मात्र लग्नघरासारखे.

"बाळ्या, चल. बंगल्यावर मालक आलाय."

"सायेब आलं व्हय?"

"सायेब न्हाई रं. मालक."

माझ्या पाठीतून एक गार पाल खाली उतरली. ही पाल चांगली हातभर होती.

धुकं असं पडलं होतं की पुढं चालणाऱ्या तात्यांच्या पाठीचा धर सुटला तर मी थेट कोकणात उतरलो असतो. बंगल्याबाहेरचे दिवे अंधार पडला की आपोआप लागणारे. धुक्यानं ते फसले होते. भर दुपारी सगळे दिवे लागलेले, आणि आत कुणी नाही. फाटकापाशी बेडूक ओरडत होते ते आम्ही आत पाय ठेवताच गप्प झाले.

तात्यांनी कुलूप काढलं. दार उघडायच्या आधी ते थांबले. डोळे मिटले, श्वास घेतला, जसा माणूस देवळाच्या पायरीवर घेतो. मग दार ढकललं.

दिवाणखान्यात सगळं ओळंब्यात. खुर्च्या, पडदे, भिंतीवरचं घड्याळ. फक्त घड्याळाचा आवाज, आणि तोही कुणीतरी दबकत चालल्यासारखा. पलीकडं, आतल्या खोलीच्या उंबऱ्यात, एक चप्पल. तिथून चार हातांवर दुसरी. पालथी.

मी तात्यांच्या मागं लपलो आणि त्यांच्या खांद्यावरून बघितलं. निळी प्लॅस्टिकची चप्पल. अंगठ्याला सेफ्टी पिन.

ती चप्पल मी न ओळखून कसं चालेल? माझ्या टाळूनं ओळखली.

"तात्या," मी म्हणालो, "आवो, ही तर काकीची."

तात्या पालथ्या चपलेपाशी गेले. मग खाली बसले. "ठावं हाय. मीच ठिवली सकाळी."

"मंग मला कशापायी आनलं?"

"माझं मला खरं वाटंना म्हनून. दोगांनी बगितलं तर वाटंल, आसं वाटलं."

"आन आपल्या घरात का न्हाई ठिवली?"

"आपल्या घरात फसाय हुईत न्हाई रं. कुनी ठिवली त्ये ध्येनात ऱ्हातं. हितं दार उगडंस्तवर घटकाभर इसराय हुतंय." त्यांनी पालथी चप्पल उचलली, पुसली. "जल्मभर बोंबलत ऱ्हायलो, वस्तू जागंवर ठिव. आता समदी जागंवर हाय. ठिवंल तितंच गावतीया, बाळ्या. रोज. ठिवंल तितंच."

मी काहीतरी विनोद शोधत होतो. एकही सापडला नाही, आणि माझ्या बाबतीत असं घडत नाही.

तात्यांनी दोन्ही चपला सदऱ्याखाली धरल्या आणि आम्ही परत आलो. त्यांच्या दारात त्यांनी काकीच्या चपला उंबऱ्याबाहेर ठेवल्या, जोडीनं, टाचेला टाच, तोंडं रस्त्याकडे. सवय कुठं जाते? मग मला म्हणाले, "च्या घिऊन जा."

मी माझ्या चपला काढल्या. काय वाटलं कोण जाणे, एक पाय जरा जोरात झटकला. चप्पल तुळशीपाशी जाऊन पालथी पडली. तात्यांचा हात आपोआप पुढं आला. मी वाट बघत राहिलो. हात अर्ध्यातच थांबला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दारात मानूस आल्यागत दिसतंया."

आतलं घर बंगल्यापेक्षा भयंकर होतं. डबे उंचीप्रमाणे, भांडी घासून उजेड मारणारी, विळा खुंटीला. दोन कप शेजारी शेजारी, एकाचा कान झिजलेला, दुसऱ्यावर बारीक धूळ. तात्यांनी धुळीचा कप धुतला आणि मला त्यात चहा दिला. चूल माझ्यासमोर, तात्या माझ्यासमोर. ते एकदाही उठले नाहीत. बाहेर वारा नव्हता. धुकं असं जड होतं की पानही हललं नसतं. आमच्या आळीला कुत्रं नाही. जे होतं ते बिबट्यानं मागंच नेलं.

चहा संपवून आम्ही दोघं दारात आलो.

माझी चप्पल तुळशीपाशी पालथी होती, मी टाकली तशी. काकीची एक चप्पल उंबऱ्यापाशी जागेवर होती. दुसरी माझ्या चपलेशेजारी. पालथी.

मी एकाचे दहा करणारा माणूस, कबूल आहे. पण इथं एकाच्या दोन झाल्या होत्या, आणि त्या मी केल्या नव्हत्या.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नुसतं त्या चपलेकडं बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू जे काही उगवलं ते मी सांगत नाही. सांगितलं तर कमीच पडेल.

"पालथी पडली," ते पुटपुटले. "आता भांडान हुनार."

आणि ते घाईघाईनं आत गेले. मी माझी चप्पल तिथंच टाकून, एका पायानं अनवाणी, भिंतीअलीकडं येऊन उभा राहिलो. पलीकडून कितीतरी दिवसांनी तो आवाज आला.

"कवापास्नं सांगतुया, चपला नीट काढत जा! कुनाला सांगतुया मी?"

मग ते थांबले. समोरच्याचं ऐकून घ्यायला माणूस जेवढा थांबतो, तेवढेच. आणि मग आणखी चढ्या आवाजात पुन्हा सुरू झाले.