बसून पाहिलेला वाघ

कवडूभाऊंना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तू उभा कुठी होता?" कांदा स्वस्त झाला म्हणा, कुणाच्या मुलीचं जमलं म्हणा, सुटका नाही. एकदा तर मयतीला जाऊन त्यांनी रडणाऱ्या जावयाला विचारलं, "जीव गेला तवा तुमी उभे कुठी होते?" जावई रडायचा थांबला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "पानठेल्यावर." तेव्हापासून मयतीत त्यांना घरच्यांपासून लांब ठेवायची पद्धत पडली.

आमच्या तालुक्याच्या गावात एक छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. त्याचा आवाज आजूबाजूच्या गावांपुरता जातो. कवडूभाऊ तिथे निवेदक आणि मी तांत्रिक सहायक. म्हणजे माईक पुसणं, पंखा लावणं आणि गरज पडेल तेव्हा वाघ होणं.

हे शेवटचं काम माझ्या नेमणूकपत्रात नव्हतं. संध्याकाळी लोकांनी फोन करून बोलायचं, असा भाऊंचा कार्यक्रम होता. कुणीही बोलावं, भाऊ कुणाचा फोन तोडत नसत. अट एकच: नाव, गाव आणि कुठून पाहिलं ते सांगायचं. जंगल घरामागेच, त्यामुळे निम्मे फोन वाघाचे. मग दुसऱ्या दिवशी भाऊ त्या माणसाला घेऊन त्याच जागी जायचे, वाघाच्या जागी मला चार पायांवर ठेवायचे आणि लांबून ओरडायचे, "शेपटाकडून थोडा सरक!" मी सरकायचो. खऱ्या वाघाच्या जंगलात खोटा वाघ होऊन बसलं की मागे वाळलेलं पान वाजलं तरी मान आपोआप वळते. बहुतेक वेळा मी कुणाला दिसायचोच नाही. "यानं वाघ मोबाईलमंदी पाह्यला!" म्हणून भाऊ खूश व्हायचे. मी बायकोला सांगून ठेवलं होतं, माझं काही झालं तर भाऊंना बोलावू नको.

यंदा मोहफुलं पडायला लागली आणि एक व्हिडिओ फिरला. तळ्याच्या पाळीवर वाघ गाय ओढतोय. तळं आमचं नव्हतं, गाय आमची नव्हती, भीती मात्र आमची झाली. बाया मोह वेचायला जायच्या थांबल्या. शेजारच्या गावात कुणीतरी 'आला आला' केलं, लोक काठ्या घेऊन धावले आणि त्या गर्दीत एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. वाघ नव्हताच. मग वरच्या कचेरीतून केंद्रावर चिठ्ठी आली: वाघाविषयीचे फोन बंद करावेत, आणि 'ही अफवा आहे, निर्धास्त राहावे' एवढंच रोज वाचावं. मोडलेला पाय मी पाहिला होता. खरं सांगतो, मला चिठ्ठी पटली.

भाऊ चिठ्ठी उलटसुलट करत म्हणाले, "अफवा हाय म्हणते. मंग हे लिवणारा उभा कुठी होता?"

"कवडूभाऊ, बोलू दिलं तर लोक मरतील," केंद्र चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

"बोलू नाई देल्लं तरी मरतीन, मॅडम. लोकाइचे मोबाईल तं तुमी बंद नाई करू शकत. इथी निदान नाव सांगून बोलतेत."

मॅडम बधल्या नाहीत. दोन दिवस भाऊंनी चिठ्ठी वाचली आणि वाचून झाली की तडक घरी गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी जंगलाकडच्या टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, पार्वताबाई चालतच केंद्रावर आल्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "फोन घेऊन नाई राह्यले म्हून आली. नाल्यावरच्या मोहाखाली वाघ हाय. सकायी मी पाह्यला. अन् उद्या टोलीवरच्या साऱ्या बाया जातेत तिथी."

"मंग सांगा ना त्याइले."

"सांगतलं. हासतेत मले. रेडिओवर अफवा हाय म्हणतेत, तुले रेडिओपेक्षा जास्त समजते का म्हणे."

रेडिओवर म्हणजे भाऊंच्याच आवाजात. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आम्ही लगेच निघालो. पार्वताबाईंनी धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरच्या दुसऱ्या एका मोहाखालची, आपली जागा दाखवली. भाऊ तिथे उभे राहिले आणि मी पलीकडे नाल्यावरच्या मोहाखाली वाघ झालो. मधे दाट झुडपं होती.

"दिसत नाई!" भाऊंचा जीव भांड्यात पडल्याचं मला तिथपर्यंत ऐकू आलं. "बाई, इथून दिसतच नाई!"

"तुमी उभे हाव ना," पार्वताबाई म्हणाल्या. "मोह का उभ्यानं येचतेत, भाऊ? मी बसून होती."

भाऊ खाली बसले. झुडपं वर दाट होती, बुंध्याशी मोकळी. त्या फटीतून मला त्यांचा चेहरा लख्ख दिसला, त्यांना मी दिसलो. मग त्यांची नजर माझ्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली.

"उठ बाबू," ते अगदी हळू म्हणाले. एरवी ते मला लेका म्हणतात. "पयू नको. माह्याकडंच पाहत ये."

मी आलो. मागे काय होतं ते मी पाहिलं नाही, म्हणून मी ते कुणाला सांगतही नाही. पण ती पंचवीसेक पावलं मला अजून झोपेत चालावी लागतात.

संध्याकाळी भाऊंनी चिठ्ठी बाजूला सारली. "मी कवडू. आज दुपारी नाल्याच्या धुऱ्यावर, पार्वताबाईच्या जागी बसून, माह्या डोयानं वाघ पाह्यला. दोन दिवस मी अफवा हाय म्हणून वाचलं. काही न पाहता वाचलं. माफ करा. उद्या मोहाले जाऊ नका."

काचेपलीकडून मॅडम मला बंद कर, बंद कर अशा खुणा करत होत्या. माझा हात बटणावर होता. माझ्या गुडघ्यांना मोहाखालची माती तशीच होती. मी बंद केलं नाही.

भाऊंचा तो शेवटचा कार्यक्रम.

दुसऱ्या दिवशी फटफटताना मी त्यांच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. एकटा माणूस, जाणार कुठे? टोलीवरून जंगलात जाणाऱ्या वाटेवर सापडले, एका दगडावर बसलेले. हातात काठीसुद्धा नव्हती.

"भाऊ, इथे काय करून राहिले?"

"टोलीवर किती घरी रेडिओ नाई. त्याइले कोण सांगन?"

मागे जंगल, आणि त्यांनी त्याच्याकडे पाठ केलेली. जवळ गेलो तेव्हा दिसलं, मागे पान वाजलं की ते डोळे मिटून घेत होते.

"भेव लागते का?"

"लय," भाऊ म्हणाले. "रातीपासून लागून राह्यलं. कोणाले सांगू, घरी कोणी हाय का?" आणि त्यांनी माझा हात धरला.

टोलीकडून दोन बाया टोपल्या घेऊन येताना दिसल्या. भाऊ त्यांना अडवायला उठले, पण माझा हात त्यांनी सोडला नाही.