डावी बाजू निंगप्पाची

लॉरी डावीकडे कलली होती, आणि डावी बाजू निंगप्पाची होती.

उजवी धोंडप्पाची, म्हणजे थोरल्या भावाची. बाप गेल्यावर पंच बसले. घराच्या दोन खोल्या वाटल्या, मेंढरं वाटली आणि मग अंगणातल्या लॉरीपाशी येऊन पंच डोकं खाजवू लागले. आडवी वाटावी तर इंजिन एकट्यालाच जात होतं. म्हणून मधोमध सुतळी धरून त्यांनी ती उभी वाटली. स्टेअरिंग थोरल्याच्या बाजूला गेलं. धाकट्याचं तोंड उतरलं तेव्हा त्याला भोंगा दिला. तेव्हापासून धोंडप्पा लॉरी चालवी आणि निंगप्पा शेजारी बसून रबरी भोंगा दाबी. भावावर राग असला की तो दाबत नसे. मग नव्या पेठेतली माणसं धोंडप्पाच्या शिव्या ऐकून बाजूला होत.

मागच्या चाकांवर लोखंडी पाटे होते, कमानीसारखे वाकलेले, एकावर एक रचलेले. सगळा भार त्यांच्यावर. निंगप्पाच्या बाजूचे पाटे बसले होते.

"निंग्या, तुजी बाजू बसली की रं!" धोंडप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाला. "माजी बघ. कशी ताठ हाय."

पाटे बसल्याचं निंगप्पाला काही वाटलं नव्हतं. त्या 'ताठ'चं वाटलं.

डावी सात, उजवी सात

शुक्रवार पेठेत हुसेनसाबची भट्टी होती. त्याचा बाप टांग्यांच्या कमानी करायचा. टांगे कमी झाले तसा हुसेनसाब लॉऱ्यांकडे वळला होता.

"थकलेत पाटे," वाकून बघत तो म्हणाला. "भट्टीत घालतो, ठोकून वाक देतो. दोनी बाजूंचे देऊ काय?"

"न्हाय! माज्या बाजूचेच."

"अरे बाबा, गाडी एक हाय."

"गाडी एक हाय. बाजू दोन हायत," निंगप्पा म्हणाला. मग हुसेनसाबच्या जवळ सरकून हळूच म्हणाला, "आन् एक पाटा जादा घाला."

डावी आठ, उजवी सात

आता लॉरी उजवीकडे कलली. पूर्वी न दिसणारी थोरल्याची टोपी निंगप्पाला आता वरून दिसू लागली. त्या दिवशी त्याने स्टेशनपर्यंत भोंगा मन लावून वाजवला. समोर कुत्रंही नव्हतं तरी वाजवला.

"अण्णा, तुजी बाजू जरा बसली वाटतं."

दुसऱ्या दिवशी धोंडप्पाने लॉरी रोजच्यासारखी कापडगिरणीकडे न वळवता शुक्रवार पेठेत नेली.

डावी आठ, उजवी नऊ

डावी दहा, उजवी नऊ

डावी दहा, उजवी अकरा

हुसेनसाबने दोनदा समजावलं, मग तो नाद सोडून त्याने भात्याला नवीन कातडं बसवलं.

निंगप्पाची बायको कस्तुराबाई एकदा म्हणाली, "आवो, पोरांस्नी चढाया शिडी लागतीया आता."

"अण्णाकडं अकरा हायत," निंगप्पा म्हणाला. कस्तुराबाई शिडी आणायला गेली.

डावी अकरा, उजवी अकरा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू बरोबर झाल्या. लॉरी सरळ उभी राहिली, फक्त पहिल्यापेक्षा एक वीत आणि चार बोटं उंच. खड्ड्यात गेली की ती खाली बसत नसे, उडी मारत असे.

उडत उडत ती गिरणीच्या फाटकाशी आली आणि थांबली. फाटकावर दगडी कमान होती. लॉरीच्या लाकडी टपाचा वरचा काठ त्या कमानीला चार बोटं आडवा आला.

रोज रिकामी लॉरी या फाटकातून आत जायची, कापडाच्या गाठी भरून स्टेशनला जायची. दोन्ही घरांच्या चुली त्यावर पेटत होत्या.

पहारेकरी अल्लाउद्दीन बाहेर आला. त्याने कमान पाहिली, टप पाहिला, दोघं भाऊ पाहिले.

"टप कापा वाईच."

"ह्याच्या बाजूचा काप," दोघं एकदम म्हणाले.

"मग पाटे काढा."

"आदी त्यानं काढावं."

"चाकातली हवा सोडा, आत जाऊन भरा!"

हवा भरायचा पंप वाटणीत थोरल्याकडे गेला होता. निंगप्पाने आकाशाकडे पाहिलं. पंप मागण्यापेक्षा तो उपाशी राहिला असता.

तेवढ्यात गोदामाचे कारकून आले. डोळ्यावरचा चष्मा काढून म्हणाले, "हे पहा, उद्या सकाळी आठपर्यंत ही गाडी आत दिसली नाही, तर परवापासून कल्लप्पाच्या बैलगाड्या लावणार. मला गाठी हलवायच्या आहेत, तुमची भांडणं नव्हे."

कारकून गेले. अल्लाउद्दीन म्हणाला, "भरली गाडी खाली बसती ना? मग भरून आणा की."

"कशानं भरू? दगडानं?" धोंडप्पा खेकसला. "आत उतरवणार कोन, तुजा चाचा?"

"माणसं भरा. माणसं आपली आपण उतरतेत."

उजवी सात, डावी चार

ही आता माणसं.

वाटणी झाल्यापासून एकमेकांचा उंबरा न ओलांडलेली दोन घरं दुसऱ्या दिवशी सकाळी एका लॉरीत चढली. उजवीकडे धोंडप्पाची भरभक्कम बायको मायाक्का, चार पोरं, पाहुणी आलेली त्याची सासू तानाबाई आणि सासूची बहीण. डावीकडे कस्तुराबाई, दोन पोरं आणि शेजारची गोजाबाई, जी नुसती स्टेशन बघायला आली होती. मध्ये सुतळी नव्हती, पण सगळ्यांना ती दिसत होती.

लॉरी फाटकाशी आली. उजवी बाजू पाच बोटं खाली बसली होती. ती कमानीखालून लोण्यासारखी गेली. डावी दोनच बोटं बसली होती. टपाचा डावा कोपरा कमानीला घासला. खर्रर्र! चुना कस्तुराबाईच्या डोक्यावर पडला आणि लॉरी अडकली.

पाळीवर आलेले कामगार थांबले. कुणीतरी ओरडलं, "निंगप्पा, घरात वारा खाऊन ऱ्हातेत काय रं?"

सगळं फाटक हसलं.

निंगप्पाने खाली उतरून पाहिलं. त्याची बाजू थोरल्याच्या बाजूपेक्षा तीन बोटं उंच होती. किती दिवस त्याला हेच तर पाहिजे होतं! आणि आता ती उंच बाजू साऱ्या गिरणीला ओरडून सांगत होती की धाकट्याच्या घरात कुणाच्या अंगावर मांस नाही.

मायाक्काला दया आली. "भावजी, म्या बसते की तुमच्या बाजूला." ती उठलीसुद्धा.

"खाली बस!" धोंडप्पा गरजला. "तू माज्या वाटणीची हायस!"

शेवटी अल्लाउद्दीन आणि दोन हमाल डाव्या बाजूला लोंबकळले, तेव्हा लॉरी आत गेली. आठला पाच मिनिटं कमी होती. काम टिकलं. कारकुनांनी मात्र बजावलं, "हमाल रोज मिळणार नाहीत. आपापली माणसं आणायची."

परतताना निंगप्पाने भोंग्याला हात लावला नाही. लॉरी नव्या पेठेत येताच तो उतरला आणि गूळ, शेंगदाणे, खोबरं आणि तुपाचा डबा घेऊन घरी आला. कस्तुराबाईला त्याने पाटावर बसवलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पाटावर तो तिला पहिल्यांदाच बसवत होता.

"खा."

"आवो, चौथी भाकर हाय ही."

"तूप घे. अजून घे. अण्णाची बाजू बघितलीस न्हवं कुटं गेली?"

कस्तुराबाई बिचारी खात होती. पोरं खात होती. निंगप्पा दोन हात लांब बसून, एक डोळा मिटून, तिचा दंड मापत होता.

मधल्या कुडापलीकडून सासूशी बोलणाऱ्या थोरल्याचा आवाज आला. इतका गोड की निंगप्पाला आधी तो ओळखूच आला नाही.

"जायाची घाई कशापायी करता, मामी? ऱ्हावा की दिवाळीपातुर. आन् मावशीलाबी ऱ्हाऊ द्या. ए, मामीला अजून येक पुरणपोळी वाढ!"

निंगप्पाच्या हातातला तुपाचा चमचा थांबला. मग बायकोजवळ सरकून, आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं,

"अक्कलकोटला तुजी आई आता वजनाला किती भरत असंल गं?"