एक फूट जास्त

माळ्यावर खोली बांधायला किती वेळ लागतो? आठ आठवडे! झोपेतून उठवून विचारा, मी हेच सांगेन. निदान दोन वर्षांपूर्वी तरी हेच सांगत होतो. पोस्टमनला सांगितलं, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना सांगितलं, आणि नववर्षाच्या जेवणात चमचा ग्लासवर वाजवून सगळ्या टेबलाला सांगितलं. "पुढच्या नाताळात टॅम्सिन, कॅलम आणि रॉरी आपल्या माळ्यावर झोपतील! आपल्या! शेजारच्या नाही!"

टेबलावर शेजारीही बसलेले होते, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

हे शेजारी म्हणजे नाइजेल ब्रॅडवेल आणि त्याची बायको फेलिसिटी. बीस्टन गावात आमची दोन घरं एकमेकांना खांदा चिकटवून उभी आहेत. मधली भिंत एक, छप्पर एक, धुराडंही एक. तीस वर्षं सगळं अगदी सारखं होतं. मग नाइजेलनं माळ्यावर खोली बांधली. मागच्या छपरातून खिडक्यांची एक मोठी पेटी बाहेर काढली, आत डबल बेड टाकला, न्हाणीघर केलं, आणि न्हाणीघरात गरम होणारी टॉवेलची दांडी लावली! माणसाला शेजारी असावा, पण त्याच्याकडे गरम टॉवेल नसावा.

तरी तेही मी सहन केलं असतं. पण त्या नववर्षाआधीच्या नाताळात आमची लेक टॅम्सिन ॲबरडीनहून नवऱ्याला, कॅलमला, आणि अडीच वर्षांच्या रॉरीला घेऊन आली. आमच्याकडे आमची झोपायची खोली, आणि दुसरी एवढीशी की तिच्यात इस्त्रीचं टेबल उघडलं तर माणसानं बाहेर थांबायचं. म्हणून मी बैठकीत हवेची गादी फुगवली. पहाटेपर्यंत तिघंही सपाट जमिनीवर आली. सकाळी नाइजेल हातात नाताळच्या गोड मिन्स पायची ताटली घेऊन दारात उभा. "अरे माल्कम, पोरांना आमच्याकडे पाठव की! वरची खोली रिकामीच आहे."

गेली तिघं. आठवडाभर तिकडेच झोपली, तिकडेच न्याहारी केली. आणि निघायच्या दिवशी रॉरी नाइजेलच्या गळ्यात पडून म्हणाला, "बाय, आजोबा!" मग माझ्याकडे वळला, नाव आठवायचा प्रयत्न केला, आणि म्हणाला, "बाय, ए!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्लेनिस, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लहान आहे रे तो." मी म्हणालो, "लहान आहे, पण नाइजेलला बरोबर ओळखतो!"

जानेवारीतच नकाशे काढणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी शिडी लावली, माळ्यात डोकं घातलं, लेझर फिरवला आणि म्हणाल्या, "सोपं आहे. शेजारच्यासारखंच करायचं ना?"

"शेजारच्यासारखं नाही," मी म्हणालो. "शेजारच्यापेक्षा एक फूट जास्त."

"कशासाठी?"

"हवा खेळती राहावी म्हणून."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बघा मिस्टर ट्विग, छपरातून किती जागा बाहेर काढायची याला एक मर्यादा असते. तिच्या आत राहिलात तर कौन्सिलची बांधकाम परवानगी लागत नाही. तुमच्या शेजाऱ्यांनी अगदी काठोकाठ काम केलंय. एक फूट वाढवलात, तर रीतसर अर्ज, तपासणी, हरकती, सगळं आलं."

"माल्कम," ग्लेनिस हळूच म्हणाली, "एक फुटानं काय होणार आहे?"

"तुला नाही कळायचं."

अर्ज गेला. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला कौन्सिलनं कागद बांधला, की कोणाला हरकत असेल तर कळवा. कुत्री फिरवायला निघालेली सगळी वस्ती तो वाचायला थांबायची. "किती दिवस लागणार, माल्कम?" "आठ आठवडे!" वसंत आला, डॅफोडिल्स फुलली आणि सुकली, लोकांनी गवत कापायला सुरुवात केली. कौन्सिलनं एकदा खिडकीच्या काचेबद्दल विचारलं, एकदा कौलांच्या रंगाबद्दल. परवानगी हातात पडली तेव्हा आमच्याकडे जूनच्या स्ट्रॉबेऱ्या आल्या होत्या.

बिल्डर ग्रेग मात्र जोरात होता. "घाबरू नका राव! माझी माणसं ऑगस्टात मोकळी होतायत. फक्त ती सामायिक भिंतीची नोटीस तेवढी देऊन ठेवा. लोखंडी तुळई त्या भिंतीत घुसवायचीय ना, म्हणून शेजाऱ्याची लेखी संमती लागते."

आता हे काम कुंपणावरून एका मिनिटात झालं असतं. नाइजेल रोज सकाळी तिथे गुलाबांना पाणी घालतो. "नाइजेल, जरा इथे सही कर," एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या माणसानं माझा नातू पळवला, त्याच्यासमोर हात पसरायचा? छे! मी नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवली. शेजारच्या घराला! पोस्टमननं पाकिटावरचे दोन्ही पत्ते वाचले, माझ्याकडे बघितलं, आणि दहा पावलं चालून दिलं.

मग मी उत्तराची वाट बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी नाइजेल कुंपणापाशी दिसला. "सुप्रभात, माल्कम. छान ऊन पडलंय."

"पडलंय खरं. उद्या येईल पाऊस."

"येईल म्हणतात. कचऱ्याचा हिरवा डबा उद्याच ना?"

"उद्या तपकिरी. हिरवा पुढच्या आठवड्यात."

नोटिशीचा शब्द नाही! दोघांनाही ठाऊक, की पाकीट त्याच्या टेबलावर पडलंय. तो थांबला होता की मी तोंडानं विचारीन. मी थांबलो होतो की तो आपणहून सही करील. फेलिसिटीनं ग्लेनिसला नंतर सांगितलं, की नाइजेलला फार लागलं होतं. तीस वर्षांचा शेजारी, आणि रजिस्टर पोस्ट! पण आमच्याकडे माणूस दुखावला की जास्तच नम्र होतो. त्या दोन आठवड्यांत नाइजेलनं मला काकड्या दिल्या, माझा डबा रस्त्यावर नेऊन ठेवला, आणि क्रिकेटचा स्कोअर सांगितला. मला वाटलं, खिजवतोय!

दोन आठवडे संपले आणि ग्रेगचा फोन आला. "सही आली का राव?"

"नाही. पण नकारही आलेला नाही."

"राव, कायद्यानं गप्प बसणं म्हणजे वाद. आता तुमचा एक सर्व्हेअर, त्यांचा एक सर्व्हेअर, दोघं मिळून निवाडा लिहिणार."

"आमचा वाद नाहीये! तो मला काकड्या देतोय!"

"काकड्या कायद्यात नाहीत राव."

आले दोन सर्व्हेअर. दोघांचे पैसे माझेच. एकानं नाइजेलच्या बाजूनं भिंतीचे फोटो काढले, दुसऱ्यानं माझ्या बाजूनं. केसाएवढी प्रत्येक भेग लिहिली. नाइजेलच्या बैठकीत एक भेग सापडली, माझ्याकडे कितीतरी. याचाही मला राग आला! दोघंही सुट्टीवर जात, तेही आळीपाळीनं. निवाडा आला तेव्हा सफरचंदं गळून पडली होती, आणि ग्रेगची माणसं ऑगस्टातच दुसरीकडे गेली होती.

"आता नोव्हेंबर," ग्रेग म्हणाला.

"नाताळपर्यंत होईल?"

"आठ आठवडे राव!"

मी बोटांवर मोजलं आणि मोजणं थांबवलं.

नोव्हेंबरात परांची चढली, मागची कौलं उतरली, आणि आकाश फाटलं. ताडपत्री रात्रंदिवस फडफडायची. छोट्या खोलीतून वर जिना न्यायचा होता, म्हणून तिचं छत फोडलं. म्हणजे होती तीही खोली गेली! मग आमच्या पलंगावर थेंब पडू लागले. ग्लेनिसनं उशीपाशी पातेलं ठेवलं. नाताळच्या आदल्या आठवड्यात पातेलं भरलं, छताचा एक तुकडा त्यात पडला, आणि ती उठून कोट घालू लागली.

"कुठे निघालीस?"

"नाइजेलकडे. तू ये, नाहीतर पोह."

फेलिसिटीनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात टॉवेल तयार होते. गरम! नाइजेल म्हणाला, "तुम्ही दोघं वर माळ्यावर झोपा. पोरं आली की त्यांना रूपर्टची खोली देऊ." रूपर्ट त्यांचा मुलगा, व्हँकुव्हरला असतो.

अशा रीतीनं ज्या खोलीवर मी वर्षभर जळत होतो, त्याच खोलीत माझी पथारी पडली. मी आत गेल्यागेल्या दोष शोधायला लागलो. दार कुरकुरतं का? नाही. नळ ठिबकतो का? नाही. जिन्यावर डोकं आपटतं का? मी मुद्दाम ताठ चाललो, तरी नाही! पहिल्या रात्री मला रागानं झोप येणार नाही असं वाटलं होतं, पण बेड इतका मऊ की सकाळी ग्लेनिसला मला हलवून उठवावं लागलं.

टॅम्सिन आली. रॉरी आता साडेतीन वर्षांचा झाला होता. रोज सकाळी तो जिन्याखाली उभा राहून ओरडायचा, "माल्कम आजोबा, खाली या!" नाव आलं त्याला माझं! मी नाइजेलच्या जिन्यावरून, नाइजेलच्या चपला घालून, राजासारखा खाली उतरायचो.

नाताळच्या सकाळी चहा ओतता ओतता मी सहज म्हणालो, "नाइजेल, तुझं काम बरं आठ आठवड्यांत झालं रे!"

"आठ आठवडे? ते नुसतं बांधकाम. त्याआधी दीड वर्ष गेलं. आम्हीही सगळ्यांना आठच सांगायचो." तो हसला. मग टोस्टला लोणी लावत म्हणाला, "रूपर्टसाठी बांधली ती खोली. बायको, मुलं सगळ्यांना घेऊन येईल म्हणून. चार नाताळ झाले. दर वर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की. त्याची मुलं आम्ही फोनवरच पाहिलीत."

फेलिसिटी उठून कोबीचे गड्डे सोलायला गेली. रॉरी नाइजेलच्या मांडीवर चढला आणि त्याच्या टोस्टवरचा जॅम बोटानं खाऊ लागला. नाइजेल हललासुद्धा नाही, पोरगा उतरेल म्हणून. आणि मला कळलं, की वर्षभर कुंपणाच्या त्या बाजूलाही कोणीतरी जळत होतं. मला फार वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

"नाइजेल," मी म्हणालो, "ती नोटीस मी तुझ्या हातात द्यायला हवी होती."

"अजून आहे टेबलावर," तो म्हणाला. "चहा घे."

आमची खोली एप्रिलात झाली. पहिल्या नाताळपासून मोजलं तर सव्वा वर्ष. पण झाली! एक फूट जास्त! टॉवेलची दांडी दोन बाजूंनी गरम होणारी! मी नाइजेलला वर नेलं, टेप लावून दाखवली. "वा," तो म्हणाला, "छान हवा खेळते." मी डिसेंबरपर्यंत कोणालाही तिथे झोपू दिलं नाही. ग्लेनिसलासुद्धा नाही.

नाताळच्या आधी रॉरी फोनवर आला. "माल्कम आजोबा, मी तुमच्या माळ्यावर झोपणार!"

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! नवी चादर आणली, त्याच्यासाठी छोटा बेड टाकला, खिडकीला तारे लटकवले. गाडी आली. मी फाटकात उभा. रॉरी उतरला, मला मिठी मारली, माझं बोट धरलं आणि मला ओढत निघाला. आमच्या फाटकावरून पुढे, नाइजेलच्या दारातून आत, जिने चढून थेट माळ्यावर.

"ही माल्कम आजोबांची खोली!" त्यानं टॅम्सिनला सांगितलं. "ते इथे राहतात." आणि मला म्हणाला, "तुम्ही खिडकीकडे झोपा. मी इकडे."

मी समजावलं. टॅम्सिननं समजावलं. नाइजेलनंही समजावलं, पण त्याचा समजावण्यात जीव नव्हता. शेवटी पोरानं भोकाड पसरलं आणि मी खिडकीकडे झोपलो.

घोळ एवढाच झाला, की त्या वर्षी रूपर्ट खरोखरच आला होता! बायको आणि दोन मुलींना घेऊन. फेलिसिटी विमानतळावरून त्यांना घेऊन आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते, आणि तिच्या माळ्यावर माझा पायजमा होता. रूपर्टच्या खोलीत टॅम्सिन आणि कॅलम आधीच पसरले होते. मग काय करता? रूपर्टची सगळी फौज आमच्या नव्याकोऱ्या खोलीत गेली. पाहुणचार माझ्या खोलीचा झाला, माझ्या चादरी, माझे तारे, माझी दोन बाजूंनी गरम दांडी!

सकाळी सगळे नाइजेलकडे न्याहारीला जमलो. नाइजेलच्या दोन मांड्यांवर दोन नाती, आणि रॉरी माझ्या मांडीवर. मी रूपर्टला विचारलं, "काय मग? कशी वाटली आमची खोली?"

"फारच सुंदर, काका!" रूपर्ट म्हणाला. "एकदम उबदार. फक्त बाबांची जरा मोठी आहे, नाही?"

टेप माझ्या खिशातच होती. ग्लेनिसनं टेबलाखालून माझा हात घट्ट धरला, म्हणून ती तिथेच राहिली.