जावईबापूंसाठी घट्ट काहीतरी

होणारे जावईबापू मागच्या रविवारी जेवायला आले आणि नुसती काकडी खाऊन परत गेले. ते वीगन. दूध नको, दही नको, मधसुद्धा नको. अण्णांच्या ते फार मनाला लागलं. लेकीचा होणारा नवरा आपल्या घरून उपाशी जातो म्हणजे काय! आज त्याला संत्र्याची जेली पोटभर खाऊ घालायचीच, असं ठरवून ते सकाळी सातलाच ओट्यापाशी उभे राहिले.

त्यांनी दुकानातून आणलेली पुडी लेकीनं पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अण्णा, हे जिलेटिन! जनावरांची हाडं-कातडी उकळून करतात."

"दुकानदार तर म्हणाला, चालतं."

"तुम्ही विचारलंत काय त्याला?"

"रस घट्ट करायला चालतं का, असं."

मग लेकीनंच तोड काढली, अगार. समुद्री शेवाळापासून होतं, प्राण्यांचा संबंधच नाही. नाव ऐकून अण्णांचा चेहरा पडला. प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांनी तीस वर्षं अगारच शिजवलं होतं. काचेच्या बश्यांत ओतायचं, वर जंतू सोडायचे, दोन दिवसांत बशीभर पीक.

"अगं, ते मी जंतूंना घालायचो!"

"आज जावयाला घाला."

निवृत्तीच्या वेळी लोकांना घड्याळ मिळतं, अण्णांना साहेबांनी आठवण म्हणून प्रयोगशाळेतल्या अगाराच्या भुकटीचा सीलबंद डबा दिला होता. तो माळ्यावरून उतरला आणि लेक नको म्हणायच्या आत पातेल्यात रिकामाही झाला. मग तिनं डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं.

"अगार, मीठ... मांसाचा अर्क?"

"नुसत्या अगारावर जंतू वाढत नाहीत," अण्णा ओशाळून म्हणाले. "त्यांना चांगलंचुंगलं लागतं."

पातेलं ओतून टाकलं. अण्णा बाजारात धावले आणि साधं अगार घेऊन घामाघूम परतले. हात मात्र जुन्याच सवयीचे. जावईबापू आले तेव्हा टेबलावर सहा झाकलेल्या बश्या प्रयोगशाळेतल्यासारख्या उपड्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर तारीख आणि क्रमांक.

जावईबापूंनी एक बशी संपवली, दुसरी पुढे ओढली. "मस्त झालीये! अण्णा, तुम्ही नाही घेत?"

लेकीनं डोळे वटारले. अण्णांनी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला. मग हळूच त्यांनी आणखी एक बशी सरकवून घेतली.

"तरीच!" ते पुटपुटले. "मेले बशी सोडायला तयार नसायचे."

"कोण?" जावईबापूंनी विचारलं.

"आमचे जुने पाहुणे," लेक घाईघाईनं म्हणाली.