भिंतीला टेकवलेली सायकल

"सायकल मरत नसते!" हे देवमनचं आवडतं वाक्य. "मानूस मरते, बैल मरते, ट्रॅक्टरही मरते. सायकल निस्ती झोपते. तिले उठवाले मानूस पायजे!" तो माणूस कोण हे तो सांगत नसे, नुसता बनियन खाली ओढून छाती पुढे काढत असे.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून देवमनचे हात शिवशिवत होते. आधी त्याने घरातला मिक्सर दुरुस्त केला. त्यानंतर तो मिक्सर फक्त उलटा फिरायचा. मग पंखा केला, तो आता फिरताना बोलायचा. शेवटी बायको गंगूने त्याच्या पान्यांची पेटी उचलून अंगणात नेऊन ठेवली. "घरातल्या वस्तूले हात लावसान तर पाह्यजा! जे दुरुस्त करायचं थे भाईर करा!" आणि असा हा समाजसेवेचा उगम झाला.

मालेगावात आता ज्याच्या त्याच्या बुडाखाली मोटरसायकल. सायकली बिचाऱ्या गोठ्यात पडलेल्या, गच्चीवर गंजलेल्या, एक तर कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलेली. आणि गल्लीतली पोरं मात्र उन्हातान्हाची शाळेत पायी! देवमनने ठरवलं, जुन्या सायकली गोळा करायच्या, नीट करायच्या आणि पोरांना वाटून टाकायच्या. मोबाईलवर वस्तीच्या ग्रुपमध्ये त्याने संदेश टाकला : जुनी सायकल असल्यास आमच्या भिंतीला आणून टेकवावी. आवाज देऊ नये. दुपारी मी झोपतो.

लोक फार आज्ञाधारक निघाले. दुपारी देवमन झोपायचा, उठून बाहेर यायचा, तर भिंतीला आणखी एक सायकल टेकलेली! कोणी आणली, कधी आणली, काही पत्ता नाही. मग तो तिचे तुकडे करायचा. पद्धत अशी की चार मेलेल्या खोलायच्या आणि त्यातून दोन जित्या करायच्या. हिचं चाक, तिचं हँडल, तिसरीची चेन. गंगू त्याला सायकलींची खिचडी म्हणायची.

इथवर सगळं ठीक होतं. पण याच दिवसांत घरात दुसरंही एक काम निघालं होतं. देवमनची मुलगी पौर्णिमा एका दवाखान्यात नर्स होती. तिला किन्हीराजाच्या प्रसेनजितचं स्थळ आलं होतं. आलं होतं म्हणजे काय, दोघांनी आधीच एकमेकांना पसंत करून, मग गंगूचा भाऊ रविकांत याच्यामार्फत ते रीतसर आणवलं होतं! रविवारी पाहुणे पाहायला येणार होते. पौर्णिमाने बापाला एकच सांगितलं होतं, "बाबा, रविवारपर्यंत काही करू नका. काहीच करू नका."

आता आपल्याकडे पाहुणे रविवारी येतात म्हणून चौकशीही रविवारी होते असं थोडंच आहे? मुलाकडचा एखादा जाणता माणूस आधीच गुपचूप येऊन जातो. शेजारीपाजारी बसतो, चहा पितो आणि घर कसं, माणसं कशी, बाप पितो का, आई भांडते का, सगळं विचारून घेतो. मुलीकडच्यांना याची खबर लागायची नसते. प्रसेनजितकडून या कामावर त्याचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, निघाले. नाव बाबूलाल, वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगाने काटक आणि स्वभावाने त्याहून काटक. जन्मात ते सायकलीशिवाय कशावर बसले नव्हते. किन्हीराजाहून मालेगावला तेही सायकलनेच!

भर दुपारी बाबूलाल गल्लीत शिरले. गुपचूप आलेल्या माणसाने सायकल कुठे लावावी? त्यांनी पाहिलं, देवमनच्या भिंतीला बऱ्याच सायकली टेकलेल्या आहेत. म्हाताऱ्याने हुशारी केली. गर्दीत माणूस लपतो तशी सायकलींत सायकल लपेल! कुलूप लावायचा प्रश्नच नव्हता, कारण त्या सायकलीला कुलूप लावण्याजोगं काही आहे असं बाबूलाल सोडून कुणालाच कधी वाटलं नव्हतं. सायकल टेकवून ते समोरच्या प्रयागबाईंकडे आतल्या खोलीत जाऊन बसले.

प्रयागबाईंना चौकशीला माणूस मिळणं म्हणजे दुष्काळात टँकर मिळणं! "लय चांगले लोक हायेत जी!" त्यांनी सुरुवात केली आणि देवमनच्या आजोबांपासून कहाणी सांगायला घेतली. "या घरचा मानूस दुसऱ्याच्या काडीले हात लावनार नाई!"

नेमकं त्याच वेळी देवमन उठून बाहेर आला आणि त्याने दुसऱ्याच्या सायकलीला हात लावला.

त्या दिवशी संध्याकाळी विहारापुढे वाटप होतं आणि दोन चाकं, एक सीट, एक चेन असं बरंच काही कमी पडत होतं. आणि भिंतीला ही! वरून खटारा, पण आतून माल चांगला. देवमनला भरून आलं. "वा बाप्पा! देनाऱ्यानं वेळेवर देल्ली!" म्हणत त्याने ती उचलून मागच्या अंगणात नेली आणि प्रयागबाई देवमनच्या आजोबांवरून वडिलांपर्यंत येईस्तोवर सायकलीचे नट-बोल्टही वेगळे झाले होते.

संध्याकाळी वाटप झकास झालं. पोरं जी सुटली ती गल्लीत मावेनात! संघदीपच्या सायकलीला बाबूलालचं पुढचं चाक, प्रयागबाईंची नात सुकेशनी हिच्या सायकलीला मागचं, सीट तिसऱ्याला, चेन चौथ्याला. कुणी देवमनला हार घातला. त्याने तो झोपेपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रविकांतचा फोन. "भाऊजी, घोटाळा झाला! काल प्रसेनजितचे मोठेबाबा तुमच्या गल्लीत आल्ते. त्यायची सायकल चोरीले गेली!"

"आमच्या गल्लीतून? शक्यच नाई!"

"गेली म्हनतो ना! बिचाऱ्यानं वरडावं तर चौकशीले आलो हे समजते. चुपचाप एसटीत बसून घरी गेले. आता म्हनतात, चोरायच्या वस्तीत सोयरीक नाई करायची!"

गंगूने कपाळाला हात लावला. पौर्णिमा आतून दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातातला टिफिन तसाच राहिला.

"कशी होती सायकल?" देवमनने विचारलं.

"म्हातारा तं म्हनते, एकदम कडक! चकाचक! पाहनाऱ्याची नजर ठरत नाई!"

चकाचक म्हटल्यावर देवमनला कालच्या खटाऱ्याची आठवण येण्याचं काही कारणच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे दुकानातली गिअरची सायकल उभी राहिली आणि अंगात वारं भरलं. "रविकांत, मोठेबाबाले घेऊन ये! चोर मी पकडून देतो! पोरीच्या लग्नात चोर आडवा येते म्हंजे काय!"

"बाबा," पौर्णिमा म्हणाली, "तुमी काही करू नका म्हनलं होतं ना मी?"

पण देवमन चप्पल घालून निघालाही होता. दुपारपर्यंत त्याने गल्लीत चार जणांवर संशय घेतला, दोघांशी भांडण केलं आणि भंगारवाल्याची गाडी अडवून आतले डबे रस्त्यावर ओतले. मग त्याला आठवलं, समोरच्या मेडिकलवर कॅमेरा आहे! बाबूलाल आणि रविकांत आले तोवर त्याने अर्धी गल्ली मेडिकलपुढे गोळा केली होती.

"जयभीम मोठेबाबा! आता पाहा तुमी. दूध का दूध, पानी का पानी!"

मेडिकलवाल्याने कालची दुपार लावली. पडद्यावर भिंत दिसली, सायकली दिसल्या, बाबूलाल येऊन गेलेले दिसले. मग बराच वेळ एक कुत्रं दिसलं. आणि मग एक माणूस आला, पाठमोरा.

"आला! आला चोर!" देवमन ओरडला. "पाहा त्याची चाल! निरा चोरावानी! अन् बनियनवरच आला, लाज नाई शरम नाई! पाहा पाहा, कसा हात फिरवून राह्यला सायकलवर! सराईत हाये हा! मी चाल पाहूनच वळखतो!"

"मी बनियन पाहून वळखलं," गंगू मागून म्हणाली. "खांद्यावर भोक हाये. काल म्याच धुतलं."

पडद्यावरचा माणूस सायकल खांद्यावर घेऊन वळला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून समाधानाने हसला.

देवमनचं बोट हवेत चोराकडे दाखवत होतं, ते खाली घ्यायचं त्याला सुचेना. "हे... हे थे नोहे," तो कसाबसा म्हणाला. "हा तं खटारा होता!"

"खटारा?" बाबूलाल पहिल्यांदाच बोलले आणि बोलले ते असे, की सायकल गेल्याचं दुःख एकीकडे आणि हा शब्द एकीकडे. "रविवारी येतो. सायकल होती तशी उभी पायजे. नसन तं आमी दारातूनच वापस!"

आता आली का पंचाईत! सायकल होती, पण सगळ्या गल्लीभर होती. दिलेलं परत मागायचं कोणत्या तोंडाने? देवमनने डोकं चालवलं आणि पुन्हा ग्रुपवर संदेश टाकला : वाटप केलेल्या सर्व सायकलींची पहिली सर्व्हिसिंग मोफत. पोरं हुरळून सायकली घेऊन आली. देवमनने गोड बोलून ठेवून घेतल्या आणि पाना चालवला. रविवारी सकाळी बाबूलालची सायकल अंगणात उभी राहिली. बाकीच्या तिच्याभोवती कुणी चाकाविना, कुणी सीटविना आडव्या पडल्या होत्या. देवमनने त्यांच्यावर ताडपत्री टाकली. टाकताना त्याचा जीव तुटत होता हे खरं. काल संघदीप सायकल ठेवून पायी परत जाताना वळून वळून पाहत होता.

"उद्या त्यायले काय सांगसान?" गंगूने विचारलं.

"आधी पोरीचं होऊ दे," देवमन म्हणाला आणि त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं.

पाहुणे आले. प्रसेनजित, रविकांत, दोघं-चौघं नातेवाईक आणि बाबूलाल. बाबूलाल घरात आलेच नाहीत. अंगणात जाऊन सायकलीभोवती फिरले. घंटी वाजवली. पायडल फिरवलं. आत पौर्णिमा पोह्यांच्या बश्या घेऊन आली, पण बघायला कुणी नव्हतं. सगळे पाहुणे अंगणात सायकल पाहत होते!

"हाये बरोबर," बाबूलाल म्हणाले आणि देवमनच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात फाटकातून पोरांची फौज आत शिरली. पुढे सुकेशनी, पाठीला दप्तर असल्यासारखी ताठ. "आजोबा, सर्व्हिसिंग झाली काय?"

"संध्याकाळी येजा बेटा! पाहुने हायेत!"

पण सुकेशनीची नजर सायकलीवर गेली होती. "हे चाक तं माहं हाये!"

"तुहं कायचं? माहं हाये!" बाबूलाल गरजले.

"माहं! मी लाल फीत बांधली होती, पाहा गाठ अजून हाये!"

"मी ह्या चाकावर म्हातारा झालो, पोरी!"

"मंग आता मले द्या ना!"

एका बाजूने म्हातारा हँडल ओढतोय, दुसऱ्या बाजूने ती पोरगी कॅरिअर सोडत नाही! संघदीपने ताडपत्री वर केली आणि खालचा सगळा मुडदाखाना उघडा पडला. पोरांनी एकदमच भोकाड पसरलं. देवमन आधी इकडे धावला, मग तिकडे, आणि मग त्याचंच डोकं फिरलं.

"चूप! सगळे चूप!" तो ओरडला. "मोठेबाबा, भिंतीले टेकवली म्हून घेतली! लोक टेकवतेत, मी जोडतो, अन् पोट्ट्यायले वाटतो! एवढंच करतो मी! तुमची तोडली, त्यायले देल्ली, त्यायची तोडली, तुमाले देल्ली! आता कोनाची तोडू? माहे हातपाय खोला अन् लावा कोनाले पायजे त्याले! पन माह्या पोरीले नाई म्हनू नका. तिनं तं मले काही करू नका म्हनलं होतं!"

पौर्णिमा बशी हातात धरून दारातच थबकली होती. प्रसेनजित तिच्याकडे बघत होता. प्रसेनजितशिवाय बाकी सगळे बाबूलालकडे.

म्हाताऱ्याने हँडल सोडलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी सायकल गेल्यामुळे बाबूलालना एक मोठा शोध लागला होता. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट असतो! गादीची सीट, खिडकीचं वारं आणि वर कंडक्टर 'बाबा' म्हणून बोलतो. आजही ते एसटीनेच आले होते. पण हे चारचौघांत सांगायचं कसं?

"घे बेटी," ते मोठ्या आवाजात म्हणाले. "सारी सायकल घ्या. या बाबूलालनं दान देल्ली!"

पोरांनी जल्लोष केला. रविकांतने फोटो काढला. प्रयागबाई फाटकातूनच म्हणाल्या, "केवढं मन हाये म्हाताऱ्याचं!" सगळी मेहनत देवमनची आणि दानशूर बाबूलाल!

मग बाबूलाल घरात येऊन बसले, पोहे घेतले आणि गंभीरपणे बोलायला लागले. "मी त्या व्हिडिओवर लय विचार केला. चोर असा हासत नाई. चोर सायकलीवरून हात फिरवत नाई. हा मानूस चोर नाई, येडा हाये. अन् चोराच्या घरी सोयरीक करता येत नाई, येड्याच्या घरी करता येते." मुळात ते चौकशीला आलेले गृहस्थ, ती सवय कशी जाणार? "पन पक्का येडा हाये ना? का सोंग घेते?"

"पक्का जी!" गंगू झटकन म्हणाली. "मी लगन झाल्यापासून पाहून राह्यली!"

"लहानपनापासून हाये," प्रयागबाईंनी दारातून साक्ष दिली.

"मेहुना हाये माहा, पन खोटं कायले बोलू?" रविकांत म्हणाला. "हाये!"

बाबूलालनी पौर्णिमाकडे पाहिलं. तिने बापाकडे पाहिलं, डोळे भरून आलेले असतानाही तिला हसू फुटलं आणि तिने हळूच मान डोलावली.

आता सगळ्यांच्या नजरा देवमनवर आल्या. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मोठमोठी इंजिनं उघडलेला हा माणूस! त्याने एकवार लेकीकडे पाहिलं, बनियनवर घातलेला नवा शर्ट नीट केला आणि दोन्ही हात जोडून स्वच्छ आवाजात सांगितलं,

"हाव जी, मी येडाच हाये!"