इंटरनेटचे पाटकरी

"ऊस का बाजरी?"

नवीन कनेक्शन मागायला आलेल्या प्रत्येकाला निकम भाऊसाहेब चष्म्यावरून बघत हा एकच प्रश्न विचारायचे. गंगापूर रोडचे डॉक्टर असोत की सिडकोतला क्लासवाला, कोणालाही सूट नव्हती. माणूस गोंधळून माझ्याकडे बघायचा. मग मी सांगायचो, की दिवसभर सिनेमे उतरवणार असाल तर ऊस, नुसती मेल बघणार असाल तर बाजरी.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. इंदिरानगरात आमच्या शेठचा केबल टीव्हीचा धंदा होता. त्याच्याच जोडीला त्यांनी गच्च्यांवरून वायरी टाकून इंटरनेट विकायला सुरुवात केली आणि मला इंजिनियर म्हणून ठेवलं. वरून येणारी लाइन एक, गिऱ्हाइकं तीनशे. ज्याला जमेल तो ओरबाडायचा आणि बाकीचे फोनवर आम्हाला शिव्या द्यायचे. प्रत्येकाला ठरावीकच वेग द्यायचा, हे मी मशीनला शिकवलं. पण कोणाला किती, यावरून रोज भांडणं. शेवटी शेठनी आपल्या मामांना, म्हणजे या निकम भाऊसाहेबांना, आणून बसवलं. मामा पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले, उभी हयात निफाडकडच्या कालव्यावर पाटकरी म्हणून पाणी वाटण्यात गेलेली. कॉम्प्युटरला त्यांनी तोवर हात लावला नव्हता आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पुढेही लावला नाही. ते आकडा सांगायचे, मी टाइप करायचो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाणीअर्जासारखा अर्ज छापून आणला. नाव, पत्ता, नेट कशासाठी हवं. बाजरीला बत्तीस केबीपीएसचा वेग, उसाला चौसष्ट. शेअरवाल्याला ते द्राक्ष म्हणायचे. बाजाराच्या वेळेत त्याला भरपूर सोडायचे आणि बाजार बंद झाला की झाकायचे. शेठनी स्वतःच्या घरी पाचशे मागितले, तर त्यांनाही अर्ज भरायला लावला आणि 'कारण समाधानकारक नाही' असा शेरा मारून परत केला. शेठ दोन दिवस मामांशी बोलले नाहीत. मामांच्या ते लक्षातही आलं नाही.

वायरीच्या शेवटच्या टोकाला, कालव्याच्या भाषेत टेलला, पाथर्डी फाट्याजवळ सहा-सात घरं होती. भाऊसाहेबांचा जीव त्या घरांत.

"टेलला पोचलं का?" आल्याबरोबर विचारायचे.

"पोचलं, भाऊसाहेब."

"फोन लावून विचार. कालव्याच्या डोक्याजवळचा कधी तहानेनं मेलाय का? टेलवाला बोंबलत नाय, नुसता वाट बघत बसतो. त्याला आधी."

एकदा काळे नावाच्या गिऱ्हाइकाची लाइन दिवसभर तुडुंब भरलेली दिसली. मी म्हणालो, व्हायरस असेल. भाऊसाहेब म्हणाले, "डोंगळा हाय." डोंगळा म्हणजे कालव्यात चोरून टाकलेला पाइप. काठी घेऊन ते काळ्यांच्या गच्चीवर चढले आणि वाळत घातलेल्या कपड्यांखालून शेजारच्या तीन घरांत गेलेली वायर ओढून काढली. तिच्याबरोबर काळे वहिनींची साडीही आली. ती त्यांनी नीट घडी करून, पंचनाम्यासह परत केली.

एका रविवारी सकाळी, मुलीशी कॉम्प्युटरवर बोलताना चित्र येत नाही म्हणून त्यांनी मला घरी बोलावलं. घरात ते एकटेच. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी ऑस्ट्रेलियात, तिला आठ महिन्यांची मुलगी. नातीला त्यांनी अजून हातात घेतलं नव्हतं आणि यंदाही मुलीचं येणं रद्द झालं होतं. कॉम्प्युटर धडधाकट होता. पडद्यावर नात म्हणून पिवळे-तपकिरी चौकोन हलत होते.

"अण्णा, दिसतेय का हो ती?" मुलगी विचारत होती.

"दिसतेय, दिसतेय. झकास दिसतेय."

त्यांच्या घरचा आकडा मीच टाइप केला होता. बत्तीस. अर्जात 'कशासाठी' पुढे त्यांनी 'किरकोळ' असं लिहिलं होतं.

"भाऊसाहेब, दोनशे करू," मी नंतर म्हणालो. "तासाभराचा तर प्रश्न आहे."

"रविवारी सगळेच उघडून बसतात. कोणाचं कापू? मी वाटणारा हाय. वाटणाऱ्यानं आपल्या वावरात आधी वळवलं की लोकांनी कोणाकडं बघायचं?"

मला त्यांचा राग आला. माणसाने तत्त्वाचं असावं, पण एवढंही नाही.

पुढच्या रविवारी मी गुपचूप ऑफिसात गेलो. माझ्या घरचं कनेक्शन बंद केलं, ऑफिसचं बंद केलं, शेठ वणीला गेले होते म्हणून त्यांचंही केलं, आणि सगळं भाऊसाहेबांच्या घराकडे वळवून ठेवलं.

सोमवारी ते आले आणि काही न विचारता खुर्चीत बसले. मी मनात म्हटलं, गेली नोकरी.

"कोणाचं कापलंस?"

"माझं. ऑफिसचं. आणि शेठचं."

"टेलचं?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "तिला खळी पडते रे, इंजिनियर. डाव्या गालाला. आमच्या हिच्यासारखी. इतके दिवस मला वाटायचं, तिथं चित्र फाटतंय."

मी उगाच कीबोर्ड पुसत बसलो.

"चल, कर परत बत्तीस."

"राहू द्या ना, भाऊसाहेब."

"नको. कुठं बघायचं ते आता कळलं. बत्तीसमध्येही दिसेल मला."

मी आकडा टाइप केला.