सोपानतात्यांनी मोडलेला सौदा

कोणाच्याही दारात मोटारसायकल दिसली की सोपानतात्या तिच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून दात बघत. चेन ज्या चक्रावर फिरते, त्याचे दात. ते झिजलेले दिसले की मान हलवून म्हणत, "म्हातारं झालं जनावर. आता उतारच." मालक डॉक्टर असो की फौजदार, तात्यांना काही फरक पडत नसे.

तात्या घोडेगावचे बैलांचे व्यापारी. मी तिथल्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. तात्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, सगळा जन्म बाजाराच्या मैदानात गेला. उतारवयात त्यांनी एक जुनी फटफटी घेतली आणि तिलाही बाजारातलेच नियम लावले. ऊन तापलं की ती लिंबाखाली. चढावर धापा टाकू लागली की तात्या खाली उतरून तिच्या शेजारून चालत. एकदा तर तिला ढकलत दवाखान्यात घेऊन आले. "कंपाउंडर, जरा नळी लावून बगा. कालपासनं छातीत घरघर हाय."

मी नळी लावली. नाही म्हटलं असतं तर दिवसभर पायरीवर बसून राहिले असते.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि नगरच्या दुकानात लांब पल्ल्याची नवी मोटारसायकल आल्याची बातमी आली. गावातल्या साऱ्या फटफटीवाल्यांची झोप उडाली. बागाईतदारांना आपली गाडी एका रात्रीत कळकट दिसू लागली. नव्या गाडीची सीट लांब आहे हे ऐकून मास्तरीणबाई खूश झाल्या आणि मास्तर धास्तावले, कारण आता सासूबाईही मागे बसणार होत्या. त्यातच कोणीतरी पुडी सोडली की जुन्या गाडीचे पार्ट येणं बंद होणार.

तात्यांना जेवण जाईना. रोज सकाळी दवाखान्यात यायचे आणि विचारायचे, "बंद करत्यात का हो खरंच? म्हंजे वैरन बंद केल्यावानीच की ते."

"तात्या, अफवा असेल."

"आन नसली तर?"

मलाही उगीच काळजी वाटायला लागली. शेवटी जुनी देऊन नवी घ्यायची असं ठरवून एका सकाळी आम्ही नगरला निघालो. मी मागे बसलो होतो.

दुकानात नवी गाडी काचेआड उभी होती. तात्यांनी तिच्याभोवती फेरी मारली, पाठीवर हात दाबून बघितला आणि सवयीने चाकाशी बसले. चेनवर पत्र्याचं बंद झाकण होतं. तात्यांचा चेहरा पडला.

"तोंड बांदून इकायला आनलंय," ते माझ्या कानात म्हणाले. "खोड असनार."

विक्रेता पुण्याकडचा, गळ्यात टाय बांधलेला, बोलायला गोड. किमतीची गोष्ट निघाली तेव्हा तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या हातावर टाकलं आणि आत हात घालून त्याची बोटं धरली. बैलाचा भाव असाच ठरतो, उपरण्याखाली, बोटं दाबून, चारचौघांत तोंडाने न बोलता. त्या बिचाऱ्याला हे काय ठाऊक? तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मग पाहुण्याचा मान म्हणून त्यानेही तात्यांची बोटं आवळून हात हलवला.

तात्या गंभीर झाले. "ठरलं."

मी कपाळाला हात लावला. विक्रेत्याला काही कळलं नव्हतं, पण तात्यांच्या लेखी शब्द गेला होता, आणि दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, म्हणून त्यांनी एक नोट टेबलावर ठेवली. बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "हिला कुठं देनार?"

"ही? हिला कोण घेणार, आजोबा? खोलू. चार पार्ट निघतील, बाकी भंगारात."

तात्या उपरणं खांद्यावर टाकून बाहेर आले. विक्रेता नोट घेऊन मागे धावला.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," तात्या म्हणाले. "सौदा मी मोडलाय. मोडनाऱ्याचा इसार जातो."

परतताना इमामपूरचा घाट उतरल्यावर त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. खाली मात्र उतरले नाहीत. मला वाटलं, मोडलेला शब्द त्यांना खात असणार.

"तात्या, बरं केलंत," मी म्हणालो. "पार्टचं बघू काहीतरी."

"दुस्काळात मी हौश्याला इकला," ते समोर बघतच म्हणाले. हौश्या म्हणजे त्यांचा स्वतःचा बैल. हजार बैल विकले, पण तो त्यांनी कधी बाजारात उभा केला नव्हता. त्याचं काय झालं हे गावात कोणी त्यांना विचारलं नव्हतं. मीही नाही.

"कोणाला विकला?"

"इचारलं न्हाई. त्या साली बैल कोन घेत हुतं आन कशासाटी, मला ठावं न्हवतं व्हय? दावं दुसऱ्याच्या हातात दिलं. त्यो चालता चालता मागं वळून बगत हुता. मंग मी पाठ फिरवली."

मागून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. गाडी बंद होती, तरी ती पाठ हलत होती.